सायकलचा मागचा दिवा

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. माझी नात (थोरल्या मुलीची मुलगी) संध्याकाळी घरी आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "आजोबा, तुम्ही आयुष्यभर सायकल चालवलीत ना? मग मला एक सांगा, मागचा दिवा कुठला घेऊ?" ती आणि तिच्या दोन मैत्रिणी दिवाळी झाल्यावर पुण्याहून गोव्याला सायकलने जाणार होत्या. घाटाने कोकणात उतरायचे आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जायचे. रात्री सायकल चालवायची नाही असे ठरले होते, पण त्या दिवसांत साडेसहालाच अंधारते आणि कोकणातला रस्ता आपण ठरवू तेव्हा संपत नाही, हे तिलाही ठाऊक होते. फोनवर तिने चार-पाच दिवे दाखवले. एक फोनसारखा चार्ज करायचा, एकात सेल घालायचे, एक लुकलुकणारा, एक तर ब्रेक लावला की आपोआप जास्त उजळणारा. किमती काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत.

खरे सांगायचे तर मला उत्तर देता येईना. पन्नास वर्षे सायकल चालवली, पण माझ्या एकाही सायकलला मागे दिवा नव्हता. पुढे होता. मागे मडगार्डवर एक तांबडा रिफ्लेक्टर आणि मडगार्डचा शेवटचा वीतभर भाग पांढरा रंगवलेला, बस्स. तुमच्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांच्या डोळ्यांपुढे तो पांढरा पट्टा लगेच येईल. तो तिथे का असतो हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. नातीच्या निमित्ताने शोधायला बसलो तेव्हा कळले की त्या पट्ट्यामागे एक मोठे भांडण आहे, आणि ते भांडण सायकलवरून दूरदूर फिरायला जाणाऱ्या लोकांनीच केलेले आहे. गंमत म्हणजे मागे दिवा मिळावा म्हणून ते भांडत नव्हते. दिवा नको म्हणून भांडत होते!

आमच्या लहानपणी दिवा म्हणजे पुढचाच. रॉकेलचा, वात वर-खाली करायची, काच काजळी धरायची. दिवेलागण झाली की चौकात हवालदार उभा राही आणि बिनदिव्याची सायकल अडवी. "आत्ताच विझला हो, वाऱ्याने," ही ठरलेली थाप. हवालदारही पोचलेला असे. तो दिव्याला हात लावून पाही. गार लागला की थाप उघडी पडली. म्हणून शहाणा मनुष्य हवालदार लांबून दिसला की खाली उतरून सायकल हातात धरून चालू लागे, कारण चालणाऱ्याला दिव्याची सक्ती नव्हती. या सगळ्यात मागच्या बाजूची चौकशी कुणी केल्याचे मला आठवत नाही. मागून येणारा आपल्याला सांभाळून घेईल, असे जणू गृहीतच होते.

हे गृहीत कुठून आले ते पाहायचे तर इंग्लंडमध्ये जावे लागते, कारण आपल्या सायकलीही तिथूनच आल्या आणि त्यांच्याबरोबर सायकलीच्या रीतीही. तिथे १८७८ साली हॅरोगेट या गावी सायकलने प्रवास करणाऱ्यांचा एक क्लब निघाला. १८८३ पासून त्याचे नाव 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' असे झाले. (आज तो 'सायकलिंग यूके' या नावाने चालतो.) त्या काळात पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच असलेल्या सायकली होत्या. दिवा टांगायचा तो त्या मोठ्या चाकाच्या आत, आसाला. तेलाचा दिवा, चाकाच्या आऱ्यांमध्ये लोंबकळणारा! बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकस यांनी असले दिवे विकून नाव कमावले. आपल्याकडच्या जुन्या मोटारींच्या भागांवर 'लुकस' हे नाव वाचलेले अनेकांना आठवेल, तेच हे.

१८८८ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यात सायकल हे 'वाहन' ठरले. सायकलवाल्यांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. तोवर कुठल्याही गावाने उठावे आणि सायकलीला बंदी करावी, असा प्रकार होता. आता रस्त्यावर त्यांचा हक्क मान्य झाला. बदल्यात दोन गोष्टी कराव्या लागणार होत्या. एक, पुढे जाताना घंटी वाजवायची. दुसरी, सूर्यास्तानंतर एक तासाने दिवा लावायचा. पण हा दिवा जायच्या दिशेने उजेड पाडणारा, म्हणजे पुढचाच. मागच्या दिव्याचा उल्लेखही नाही. आणि त्याची गरजही नव्हती. रस्त्यावर सायकलीहून वेगवान होता तो घोडा, आणि घोड्याला अंधारात आपल्यापेक्षा बरे दिसते.

मोटारी वाढल्या तसे चित्र पालटले. १९२७ साली ब्रिटनमध्ये वाहनांच्या दिव्यांचा कायदा झाला. इतर वाहनांना मागे तांबडा दिवा सक्तीचा झाला. सायकलला मात्र सवलत मिळाली. दिवा नको असेल तर तांबडा रिफ्लेक्टर चालेल. ही सवलत आपोआप मिळालेली नव्हती, टूरिंग क्लबने ती जोर लावून मिळवली होती. १९३० च्या कायद्याने मोटारींच्या वेगावरची जुनी मर्यादा उठली आणि अपघात इतके झाले की १९३४ साली पुन्हा कायदा करावा लागला. त्यात वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी ३० मैलांची मर्यादा आली आणि सायकलवाल्यांना सांगितले गेले की मागे नुसता रिफ्लेक्टर ठेवणार असाल तर त्याच्या जोडीला किमान १२ चौरस इंचांचा पांढरा पृष्ठभागही हवा.

हाच तो आपला पांढरा पट्टा! स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे रॅले, हर्क्युलिस या सायकली ब्रिटिश कारखान्यांच्या सहकार्याने बनू लागल्या, तेव्हा मडगार्डबरोबर तो रंगही इकडे आला असावा. माझा तरी तर्क असाच आहे. पट्टा आला, त्याचे कारण मात्र मागेच राहिले.

आता क्लबचे म्हणणे काय होते ते ऐकण्यासारखे आहे. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हा निव्वळ हट्ट वाटला होता. जी. एच. स्टॅन्सर हे १९२० पासून १९४५ पर्यंत क्लबचे सचिव होते आणि मागच्या दिव्याच्या सक्तीचे कडवे विरोधक. त्यांच्या बाजूचा मुद्दा थोडक्यात असा. पुढे जाणाऱ्याला पाठीला डोळे नसतात. मागून येणाऱ्याला पुढचे दिसते. तेव्हा टक्कर टाळण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची. मोटारवाल्याने आपल्या दिव्यांच्या उजेडात जेवढे दिसते तेवढ्या अंतरात गाडी थांबवता येईल इतक्याच वेगाने चालवावे. रस्त्यात नुसता सायकलवालाच असतो असे नाही. पायी चालणारा असतो, गाय असते, पडलेले झाड असते. त्यांना कुठे मागे दिवा असतो? एकदा का सायकलवाल्याच्या पाठीला दिवा सक्तीचा केला, की मोटारवाला दिवा पाहूनच गाडी चालवायला शिकेल. जिथे दिवा नाही तिथे रस्ता मोकळा आहे असे समजेल. आणि उद्या टक्कर झालीच तर पहिला प्रश्न मोटारवाल्याला विचारला जाणार नाही. तो सायकलवाल्याला विचारला जाईल, की तुझा दिवा लागलेला होता का?

(याच भीतीपोटी क्लबने सायकलींसाठी वेगळ्या केलेल्या पट्ट्यांनाही विरोध केला. लंडनजवळ वेस्टर्न ॲव्हेन्यूवर १९३४ साली असा पहिला पट्टा सुरू झाला तेव्हा क्लबला वाटले, आज बाजूला काढताहेत, उद्या रस्त्यावरूनच काढतील. आज पुण्यात सायकल ट्रॅकवर लावलेल्या मोटारी आणि भेळेच्या गाड्या पाहिल्या की ही सगळी मंडळी कशाला घाबरत होती आणि आपण कशाला घाबरायला हवे होते, असा प्रश्न पडतो. असो.)

हा मुद्दा मला नुसता पुस्तकातला वाटला नाही, त्याचे कारण सांगतो.

१९७६ साल असेल. मी तालुक्याच्या गावातल्या शाळेत होतो. आमचे चित्रकलेचे सर शेजारच्या खेड्यातून सायकलने येत-जात. सहा मैल जायला, सहा मैल यायला. एका संध्याकाळी स्नेहसंमेलनाची तयारी करता करता त्यांना उशीर झाला. परत जाताना मागून आलेल्या मालट्रकने त्यांना उडवले. जीव वाचला, पण मांडीचे हाड मोडले आणि पुढे आयुष्यभर ते पाय ओढत चालले. नुकसानभरपाईच्या दाव्याची तारीख जिल्ह्याच्या गावी असे. त्यांना आधार द्यायला मी दोन-तीनदा बरोबर गेलो. ट्रकवाल्याच्या वकिलाने त्यांना पहिलाच प्रश्न विचारला, "मागे दिवा होता का?" सर म्हणाले, "नाही. रिफ्लेक्टर होता." "तो दिसत होता का? कॅरिअरला काय होते?" कॅरिअरला ड्रॉइंगच्या कागदांची गुंडाळी होती आणि तिच्यावर पिशवी अडकवलेली. पिशवी खाली लोंबत होती की नव्हती, यावर बराच वेळ गेला. ट्रक किती वेगात होता, ड्रायव्हर किती तास जागा होता, याला फारसा वेळ गेला नाही. भरपाई मिळाली, पण सरांचीही थोडी चूक होती असे धरून काही रक्कम कापली गेली. परतीच्या एस.टी.त सर एवढेच म्हणाले, "मागे दिवा लावायचा असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं हो." खरेच कुणी सांगितले नव्हते. कायद्याने त्यांच्याकडे तो मागितलाही नव्हता.

तेव्हा स्टॅन्सर यांचे म्हणणे वाचताना मला ती कोर्टाची खोली आठवली. फरक इतकाच, की त्यांची भीती दिवा सक्तीचा झाल्यावरची होती. आमच्या सरांच्या बाबतीत सक्ती नसतानाही तेच झाले.

पण इतिहास क्लबच्या बाजूने गेला नाही. १ सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्ये युद्धामुळे दिवेबंदी सुरू झाली. रस्त्यावरचे दिवे बंद, घरांच्या खिडक्यांना काळे पडदे, मोटारींच्या दिव्यांवर झाकणे. हातातल्या बॅटरीच्या काचेवरसुद्धा पातळ कागद लावायचा, म्हणजे उजेड मिणमिणता पडेल. रिफ्लेक्टरचा स्वतःचा उजेड नसतो. मागून प्रकाश पडला तरच तो परत पाठवतो. मोटारीचा दिवाच झाकलेला, तर रिफ्लेक्टर काय परत पाठवणार? "उजेडात दिसेल तेवढ्याच वेगाने चालवा" हे तत्त्व बरोबर असले तरी उजेडच काढून घेतल्यावर ते कुठे टिकणार? रस्त्यांवरच्या अपघातांत १९३८ साली ६,६४८ माणसे मेली होती. १९४१ साली ९,१६९ मेली, आणि तीही पेट्रोलचे रेशनिंग असताना, रस्त्यावर मोटारी कमी झालेल्या असताना. दरम्यान १९४० साली रात्रीच्या वेगावर वस्तीत ताशी २० मैलांची मर्यादा घालून झाली होती. युद्धकाळात सायकलला मागचा तांबडा दिवा सक्तीचा झाला आणि १९४५ साली कायद्याने ती सक्ती कायम केली. स्टॅन्सर यांचीही सचिवपदाची कारकीर्द त्याच वर्षी संपली.

क्लबच्या विरोधात आणखी एक मुद्दा होता, आणि तो मला जास्त पटतो. रिफ्लेक्टर विझत नाही. दिवा विझतो. आणि मागचा दिवा विझला तर चालवणाऱ्याला ते कळतही नाही. पुढचा गेला तर समोर अंधार होतो, मागचा गेला तर चालवणारा आपला निवांत पायडल मारत जातो. म्हणजे ज्याच्यावर जीव टांगलेला तो दिवा आपल्याला दिसतच नाही. मग तो भरवशाचा तरी हवा. त्या काळचा मागचा दिवा भरवशाचा होता का? नव्हता. आणि इथे ही हकिगत तत्त्वावरून सेलवर येते.

(आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात आणि आत घालतात ते सेल. मीही तसेच लिहितो. शास्त्राच्या शिक्षकांनी रागावू नये.)

सेलवर चालणाऱ्या सायकलच्या दिव्याची खरी गोष्ट जपानमध्ये घडली. ओसाका शहरात कोनोसुके मात्सुशिता नावाचा एक मुलगा लहानपणी सायकलच्या दुकानात कामाला होता. पुढे त्याने विजेच्या वस्तूंचा छोटा कारखाना काढला. तेव्हा जपानमध्ये रात्री सायकलवर मेणबत्तीचे नाहीतर तेलाचे दिवे लावत आणि ते वाऱ्याने विझत. सेलवरचे दिवेही मिळत, पण दोन-तीन तासांत सेल संपे आणि दिवा सारखा बिघडे. मात्सुशितांनी सहा महिने खपून जवळजवळ शंभर नमुने केले आणि १९२३ साली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा दिवा बाहेर काढला. तो तीस तासांहून अधिक जळे. एवढे करून घाऊक व्यापारी घेईनात! सेलचा दिवा म्हटले की लोक नाक मुरडतात, असे त्यांचे म्हणणे. मग मात्सुशितांनी जे केले ते मला फार आवडले. त्यांनी माणसे पाठवून सायकलच्या दुकानादुकानांत दिवे ठेवायला दिले. त्यातला एक तिथेच पेटवून ठेवायचा. दुकानदाराने तो किती तास जळतो ते स्वतः पाहायचे आणि पटले तरच पैसे द्यायचे. दिवा जळत राहिला आणि दुकानदारांनी मागणी सुरू केली. १९२७ साली त्यांनी चौकोनी दिवा काढला आणि त्याला पहिल्यांदा 'नॅशनल' हे नाव दिले. त्याचे दहा हजार नग तर फुकट वाटले. पुढे आपल्या घराघरांत 'नॅशनल पॅनासॉनिक'चे टेपरेकॉर्डर आले, ते याच घराण्यातले.

तो दिवा पुढचा होता हे खरे. पण त्याने जो प्रश्न सोडवला तो मागच्या दिव्याला जास्त लागू पडतो. किती वेळ जळेल, याची खात्री.

डायनामोने हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. सेलच नको. आमच्या पिढीला डायनामोचे काय अप्रूप होते! टायरला घासणारी ती बाटली, तिची घरघर, चढावर पाय भरून येणे आणि उतारावर दिवा झगझगीत होणे. पण डायनामोला एक वाईट खोड आहे. सायकल थांबली की दिवा बंद. म्हणजे चौकात, रस्त्याच्या मधोमध, वळायला थांबलात की नेमके तेव्हाच मागचे तांबडे विझणार. शिवाय पुढचा बल्ब उडाला की सगळी वीज मागच्या छोट्या बल्बवर येते आणि तोही उडतो. (पुढे जर्मनांनी दिव्यात वीज साठवणारा छोटा भाग घालून सायकल थांबल्यावरही दिवा काही मिनिटे जळत राहील अशी सोय केली.) सेलच्या दिव्याचे दोष निराळे. साध्या बल्बची तार खडबडीत रस्त्याच्या हादऱ्यांनी तुटते. पांढरा उजेड तांबड्या काचेतून गाळला की बहुतेक उजेड काचच गिळते, उरतो तो लालसर काजवा. त्यासाठी दोन जाड सेल काही तासांत संपवायचे. आणि सेल आत विसरले तर ते फुटून पाझरतात आणि पत्र्याला हिरवट बुरशी येते. हे बॅटरी वापरलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

या सगळ्यावर उतारा निघाला तो सायकलशी काही संबंध नसलेल्या एका प्रयोगशाळेत. १९६२ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याक यांनी डोळ्याला दिसणारा उजेड देणारा एलईडी केला. आणि त्याचा रंग होता तांबडा! सुरुवातीला तो इतका मंद होता की यंत्रांवरच्या खुणेच्या ठिपक्यांपलीकडे त्याचा उपयोग नव्हता. पुढे वीस-पंचवीस वर्षांत तो उजळत गेला आणि १९९० च्या आसपास सायकलचे एलईडीवाले मागचे दिवे बाजारात आले. यात तार नाही, त्यामुळे तुटणे नाही. तांबडा उजेड मुळातच निघतो, काचेने गाळायला नको. दोन बारीक पेन्सिल सेलवर तो कित्येक रात्री चालतो. निळा एलईडी उजळ व्हायला १९९३ उजाडले (त्याबद्दल तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळाले) आणि पांढरा त्याच्याही नंतर. म्हणजे शंभर वर्षे ज्या मागच्या दिव्याची आबाळ झाली, तो या बाबतीत पुढच्या दिव्याच्या आधी सुधारला. हे वाचून मला उगाचच बरे वाटले.

कायदा मात्र आपल्या गतीने चालला. लुकलुकणारा दिवा ब्रिटनमध्ये लोक सर्रास वापरत होते, पण तो तिथे कायदेशीर झाला ऑक्टोबर २००५ मध्ये. जर्मनीत तर सेलवरचा दिवा चालतच नसे. ११ किलोपर्यंतच्या शर्यतीच्या सायकली सोडल्या तर डायनामोच हवा. कारण तेच, सेलचा दिवा माणूस घरी विसरतो, सेल संपतात. २०१३ साली त्यांनी ही अट सैल केली. लुकलुकणाऱ्या दिव्याला मात्र तिथे मनाई आहे. लुकलुकणारा दिवा चटकन नजरेत भरतो, पण अंधाऱ्या रस्त्यावर तो किती लांब आहे याचा अंदाज नीट येत नाही. स्थिर दिव्याचा येतो.

एवढे सगळे मी नातीला चहाबरोबर सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले (शिक्षकाच्या घरातली पोरे याला सरावलेली असतात) आणि म्हणाली, "पण आजोबा, घेऊ कुठला?"

तेव्हा आम्ही तिची सायकल सामान लादून अंगणात उभी केली. दोन्ही बाजूंना पिशव्या, कॅरिअरवर तंबूची वळकटी. मी तीस पावले मागे जाऊन पाहिले. सीटच्या दांड्याला लावलेला तिचा आधीचा दिवा दिसेचना! वळकटीच्या आड पूर्ण झाकला होता. मला ड्रॉइंगच्या कागदांची गुंडाळी आठवली. रोज शहरात चालवणाऱ्याला दांड्यावरचा दिवा ठीक आहे, पण सामान घेऊन फिरणाऱ्याचा दिवा कॅरिअरच्या मागच्या टोकालाच हवा, पिशव्यांच्याही मागे. तिथे पट्टीला नटबोल्टने घट्ट बसणारा एक दिवा आम्ही घेतला, बारीक पेन्सिल सेलवरचा, स्थिर जळणारा. पेन्सिल सेल कोकणातल्या कुठल्याही वाडीवरच्या किराणा दुकानात मिळतो, आणि चार जास्तीचे बरोबर ठेवले की वीज असो-नसो. दुसरा घेतला तो चार्ज करायचा, रबरी पट्ट्याने वळकटीच्या मागच्या बाजूला अडकवायचा, दिवसा लुकलुकत ठेवायला. तो जास्त उजळ, पण त्याच्या चार्जिंगच्या भोकाचे रबरी बूच मला काही फार विश्वासाचे वाटले नाही. एकच महागडा घेण्यापेक्षा दोन साधे आणि दोघांचे खाणे वेगळे, म्हणजे एक उपाशी राहिला तरी दुसरा जागा. जास्तीचे म्हणून एक मोठा तांबडा रिफ्लेक्टरही लावला. तो विझत नाही. स्टॅन्सरसाहेबांचे तेवढे ऐकलेच पाहिजे.

"म्हणजे चूक मागच्या गाडीवाल्याची आणि खर्च माझा," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "आणि ठोकलं तर चूक त्याचीच, हे विसरायचं नाही. दिवा लावलास म्हणून ती तुझी होत नाही."

आता ती फोन करायची तेव्हा बाकीचे लोक जेवणाचे विचारत, मी दिव्याचे विचारत असे. सहाव्या दिवशी देवगडच्या अलीकडून तिचा फोन आला. जांभ्याच्या खडबडीत रस्त्यावर रबरी पट्टा तुटून चार्जिंगचा दिवा पडला होता आणि मागून आलेल्या टेम्पोखाली त्याचा चुरा झाला होता.

"दुसरा चालू आहे ना?"

"आहे असं वाटतंय. मला कुठे दिसतोय?"

मग मैत्रिणीला मागे ठेव आणि अंधार पडला की दर अर्ध्या तासाला तिला विचार, असे मी सांगितले.